उतरताना गुडघे दुखतात, ट्रेकिंग पोल एक घ्यावा का दोन?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ५२, उंची ५ फूट ३ इंच, चढताना त्रास नाही पण उतरताना गुडघे दुखायलेत अन् पावसाळा संपला की ग्रुपसोबत वेताळवाडी किल्ल्यावर जायचंय. दोन घ्या. मी छत्रपती संभाजीनगरचा, अजिंठा रांगेतले किल्ले बऱ्याच वर्षांपासून फिरतोय, अन् माझ्या मते पोलचं खरं काम उतारावरच असतं. उतरताना दर पावलाला वजन एका गुडघ्यावर आदळतं, दोन काठ्या असल्या की त्यातलं थोडं दंड-खांद्यावर जातं. एकच काठी घेतली तर आधार एकाच बाजूला, अन् पाय नेमका दुसऱ्या बाजूला घसरतो. गुडघ्याला सूज असेल तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, काठी नंतर.

घेताना ॲल्युमिनियमचेच घ्या. कार्बनचे हलके असतात पण दगडाच्या फटीत अडकून आडवा जोर बसला की मोडतात, ॲल्युमिनियम बहुतेक वेळा नुसतं वाकतं, तेवढ्यावर माणूस घरी पोचतो. लॉक बाहेरून क्लिपसारखं दाबायचं बघा, पिळून टाईट करायचं नको. माझी पहिली जोडी पिळायच्या लॉकची होती, अंतूर किल्ल्यावरून उतरताना सगळं वजन टाकलं अन् काठी आतल्या आत बसली, मी पुढं कोलमडलो, कोपर चांगलंच सोललं. तेव्हापासून दुकानात काठी उघडून, लॉक लावून, पूर्ण अंगाचा भार देऊन बघितल्याशिवाय मी कुणाला घेऊ देत नाही. क्लिपचा स्क्रूही अधूनमधून ढिला होतो, तो निघायच्या आधी बघा.

उंची अशी लावा, सपाटीवर टोक जमिनीला टेकवलं की कोपर काटकोनात यायला पाहिजे, तुम्हाला ११० सेंटीमीटरच्या आसपास बसेल. चढताना ५ ते १० सेंटीमीटर कमी करा, उतरताना तेवढीच वाढवा. हे बरेच जण करतच नाहीत, मग उतारावर काठीपर्यंत पोचायला कंबरेतून वाकतात अन् तोल पुढं जातो. काठीच्या नळीवर स्टॉपची खूण असते, तिच्यापुढं नळी ओढू नका.

काठीच्या मुठीला पट्टा असतो, त्यात हात खालून वर घाला, मग पट्टा अन् मूठ दोन्ही एकत्र धरा, म्हणजे भार पट्ट्यावर येतो, बोटं आवळावी लागत नाहीत. आपल्याकडं उतारावर मुरूम लई, गवत वाळलं की त्याखाली दिसतही नाही, तिथं आधी दोन्ही काठ्या खाली रोवायच्या, जोर देऊन बघायचं, मगच पाय. पायरी उंच असली तर तळहात मुठीच्या वर ठेवून दाबा. मातीत टोकाची रबरी टोपी काढा, किल्ल्याच्या दगडी पायऱ्यांवर लावा. काळ्या मातीत चिखलाचा गोळा चिकटतो, तो झटकत चला, नाहीतर टोक रुततच नाही.

जिथं हातानं दगड धरावा लागतो तिथं पट्टे काढून काठ्या बॅगेला बांधा. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेतही त्या नकोत, एक हात टॉर्चला, एक भिंतीला.

वेताळवाडीच्या आधी एखाद्या रविवारी जवळच्या टेकडीवर दोन-तीनदा चढून उतरून बघा, उजवा पाय डावी काठी हे हाताला सवयीचं झालं की मगच जा.