आमचं नाव कोण घेईल?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, वय ७१. आम्हाला मूलबाळ नाही. आम्ही दोघं गेल्यावर आमचं नाव घेणारं कोणी उरणार नाही, हे मनाला फार लागतं. थोडी शिल्लक आहे. देवळाच्या सभामंडपात आमच्या नावाची संगमरवरी पाटी बसवावी असं मी म्हणतो. सौ. म्हणते, पाट्या कोण वाचतं? माणूस अमर होतो म्हणजे नेमकं काय होतं?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमची इच्छा फार जुनी आहे, आणि तुमच्या घराजवळच्याच डोंगरात ती कोरून ठेवलेली आहे. मी इतिहास शिकवत होते तेव्हा मुलांना पांडवलेण्यांवर न्यायचे आणि दहाव्या लेण्याच्या ओसरीत हटकून बसवायचे. तिथे क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-संघांकडे, ३००० कार्षापण (त्या वेळची नाणी) ठेवले. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. ठेव कायमची: मुद्दल कधीच काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण. तुम्ही बँकेतले, २००० चं वर्षाचं व्याज काढून बघा. बरोबर २४०!

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नहपानाचा क्षहरात वंश निःशेष केला, असं त्याची आई बलश्री हिच्या तिसऱ्या लेण्यातल्या लेखात अभिमानाने लिहिलंय. नहपानाच्या नाण्यांवर त्याने स्वतःचे छाप मारले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या ढिगात अशी हजारो नाणी होती. नाव पुसायचा याहून मोठा खटाटोप कोणता? तरीही त्या छापाखालून नहपानाचा चेहरा डोकावतो, आणि जावयाचा लेख तर जागच्या जागी आहे.

पण आज ती श्रेणी नाही, ते भिक्षू नाहीत, व्याजही केव्हाच थांबलं. म्हणजे ते ‘कायम’सुद्धा कायम टिकलं नाही. मला मात्र त्यात कमीपणा वाटत नाही. जितके पावसाळे ती ठेव चालली, तितके पावसाळे कुणाच्या तरी अंगावर कोरडं वस्त्र आलं. ते घालणाऱ्याला उषवदात कोण हे ठाऊक नसलं तरी चालण्यासारखं होतं.

नाव घेण्याचं म्हणाल, तर आपल्या श्राद्धातसुद्धा वडील, आजोबा, पणजोबा यांच्याच नावाने पिंड देतात. वसु, रुद्र, आदित्य अशी त्यांची रूपं मानतात. ज्यांना भरपूर नातवंडं असतात, त्यांचीही नावं चौथ्या पिढीच्या ओठांवर क्वचितच असतात. तेव्हा मूल नाही म्हणून तुमचंच काही हुकलंय, हे मनातून काढून टाका.

पाटीचे पैसे मुदत ठेवीत घाला. एखाद्या विश्वासू शाळेशी लेखी करार करा आणि व्याज कशाला वापरायचं ते अगदी नेमकं लिहा: इतक्या मुलांचा एसटीचा पास, किंवा इतकी दप्तरं-वह्या. ‘शैक्षणिक मदत’ असं मोघम लिहिलंत, तर पैसा कुठेही वळतो. ठेवीला तुम्हा दोघांचं नाव जरूर द्या, त्यात संकोच कशाचा? फक्त काय द्यायचं ते वहिनींना ठरवू द्या. त्यांना स्वतःला शाळेत असताना कशावाचून अडलं होतं, तेवढं आधी विचारा.