तो रकाना कोरा सोडू नका

दादा, पोराचं नाव वैमानिकासाठी लागलं, आजोबांचे भाऊ ४७ ला कराचीत गेले ते तिकडचेच झाले. हे फॉर्मात लिहायचं की दाबायचं, असं विचारलंत. लिहा.

आम्ही बाळापूरचे. माझी फुफी (आत्या) कराचीत. १९७१ च्या युद्धापासून बंद असलेलं टपाल १९७४ च्या करारानं सुरू झालं आन् तिचं पत्र आलं. पाकिस्तानचं तिकीट पाहायला पोस्टमनच्या सायकलीभोवती अर्धी आळी! दोन वर्षांनी मी हवाई दलात टेक्निशियनसाठी निवडलो गेलो. एका कचेरीतला बाबू म्हणे, "काहून लफड्यात पडता? नातेवाइकांचा रकाना कोरा ठेवा." ठेवला. चौकशीचा जमादार पानठेल्यावर टेकला, तर पान लावणाऱ्यानं पहिलं तेच सांगितलं. झालं, फाईल अडकली. अकरा महिने एसटीनं खेटे घातले, दर वेळी "साहेब दौऱ्यावर". तोवर माझी बॅच गेली, मग वयही गेलं. अन् बाबू? त्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही. अजूनही त्या कचेरीवरून जाताना माझं डोकं फिरते.

"नात्यातल्यांवर बॉम्ब टाकशील का?" असं लोक पोराला विचारतील. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनमध्ये जन्मलेला केन अॅडम ब्रिटनचं टायफून विमान जर्मनांविरुद्ध उडवत होता. अमेरिकेचा बेन कुरोकी (वैमानिक नव्हे, विमानातला तोफची) जपानी आईबापाचा. अशांना बी-२९ या बॉम्बफेकी विमानावर बंदी होती. त्यानं युद्धमंत्र्यांकडून खास परवानगी मिळवली अन् जपानवर २८ मोहिमा केल्या. चेहराच सांगत होता, लपवणार काय?

कोणी मतिउर रहमानचं उदाहरण तोंडावर फेकलं तर गप बसू नका. पाकिस्तानी हवाई दलातला हा बंगाली वैमानिक ऑगस्ट १९७१ मध्ये कराचीहून विमान पळवताना मेला. पण तेव्हा त्याच्याच मुलखावर, म्हणजे आताच्या बांगलादेशावर, त्याचंच सरकार गोळ्या झाडत होतं. तुमच्या घरच्या चुलत आजोबांशी त्याचा काय संबंध?

मी काही वकील नाही, नियमही बदलले असतील. पोराच्या फॉर्मवरची सूचना स्वतः वाचा. माहिती दडवली तर अपात्र, असं तिथं बहुधा लिहिलेलं असते.

आणखी एक. तिकडच्यांची नावं उर्दू पत्रावरून उतरवताना स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, अन् कागद दिला की आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. बाबू वैतागला तरी.