तुमसरजवळच्या शेतात काळा, जड दगड सापडला. मँगनीज असेल का? आणि पोलादात ते घालतात तरी कशाला?

असू शकतं. नागपूर-भंडाऱ्याकडून बालाघाटकडे जाणाऱ्या मँगनीजच्या पट्ट्यातच तुमसर येतं. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी तुमच्याच तालुक्यातल्या. या पट्ट्यात मी भूवैज्ञानिक म्हणून काम केलंय. दगड टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून बघा. रेघ लाल उमटली तर हेमटाइट, म्हणजे लोहखनिज. काळी उमटली, चुंबक चिकटला नाही आणि बोटंही काळी झाली, तर मँगनीजची शक्यता बरीच.

पण एका दगडावरून खाली थर आहे असं समजू नका, तो ओढ्याबरोबर वाहून आलेला असू शकतो. इथलं मँगनीज मुळात समुद्रतळाचा गाळ. पुढे उष्णता आणि दाबाखाली त्याच्या घड्या पडल्या, त्यामुळे थर बहुतेक ठिकाणी तिरके खोल जातात. बालाघाटला त्यांच्या मागे जमिनीखाली खोलवर उतरावं लागलंय.

आता पोलाद. मँगनीज फक्त कणखरपणासाठी घालतात असा समज आहे, तो अर्धाच खरा. पहिलं काम गंधकाला आवरायचं. लोखंडात गंधक मोकळं राहिलं की त्याचं लोह-सल्फाइड होतं आणि पोलाद ज्या बारीक स्फटिक-कणांचं बनलेलं असतं त्यांच्या सीमांवर बसतं. लोखंडाबरोबर ते ९८८ अंशांनाच वितळतं. रोलिंग मिलमध्ये पोलाद त्याहून तापलेलं असतं, म्हणजे लाटतानाच तडे जाणार. मँगनीज गंधकाला आधी धरतं आणि त्यातून बनणारं सल्फाइड त्या तापमानाला घट्टच राहतं. ऑक्सिजन काढायलाही ते लागतं. म्हणून साध्या सळईतही थोडं मँगनीज असतंच, आणि या कामाला परवडेल असा दुसरा धातू नाही.

जास्त घातलं तर गंमत होते. काही टक्क्यांपर्यंत वाढवलं की पोलाद ठिसूळ व्हायचं, त्यामुळे लोक तिथेच थांबत. इंग्रज धातुतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला प्रमाण १२-१३ टक्क्यांवर नेलं, सोबत एक टक्क्याच्या वर कार्बन. हे पोलाद चुंबकाला चिकटत नाही आणि ठोके खाऊन वरून अधिकच कठीण होतं. रेल्वेच्या क्रॉसिंगला तेच वापरतात, खडी फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यालाही.

तुमच्या दगडाचं म्हणाल तर प्रयोगशाळेत मँगनीजबरोबर फॉस्फरसही तपासून घ्या. तो जास्त निघाला तर फेरोमँगनीज, म्हणजे पोलादात घालायचा लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू, बनवणारे नाक मुरडतात. आणि माल कितीही चांगला निघाला तरी लीजशिवाय, म्हणजे खाणपट्ट्याशिवाय, उकरून विकता येत नाही, शेत तुमचं असलं तरी.