वाचकांचे प्रश्न : ओटीवरचा कॉम्प्युटर आणि आपला खासगी शोध

प्रश्न : घरात ओटीवर एकच कॉम्प्युटर. हापूसच्या ऑर्डरी, बिलं सगळं त्यावरच. सासरे, भाऊजी, पुतण्या, पॅकिंगचा मुलगासुद्धा तोच वापरतो. मी पाळी जाण्याच्या त्रासाबद्दल वाचलं होतं. परवा भाऊजींनी 'पार्सल' शोधायला 'पा' टाइप केलं, तर माझाच शोध वर आला. सगळी हिस्टरी पुसली तर 'का पुसली?' होईल. ब्राउझरची इनकॉग्निटो (खासगी) खिडकी वापरली तर पुरेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या तब्येतीचं कोणाला आणि कधी सांगायचं, ते आपणच ठरवावं. म्हणून जरा सविस्तर.

आधी झालेलं निस्तरा. क्रोममध्ये 'पा' टाइप करा, खालच्या बाणाने त्या ओळीवर या आणि शिफ्ट-डिलीट दाबा. तेवढीच ओळ जाते. मग कंट्रोल-एच दाबून हिस्टरीत तो शब्द शोधा, त्या नोंदींवर टिक करून पुसा. बाकीची हिस्टरी जागच्या जागी राहते.

एवढं करूनही ओळ परत येत असेल, तर गुगल खातं तपासा. ऑर्डरींचं जीमेल तिथे कायम उघडं असतं ना? मग शोध त्या खात्यातही साठतो, आणि तेच खातं भाऊजींच्या मोबाइलवर असेल तर तिथेही दिसू शकतो. त्या खात्याच्या 'माय अॅक्टिव्हिटी'त जाऊन तो पुसावा लागेल.

इनकॉग्निटो (क्रोम, एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी) हिस्टरी ठेवत नाही. पावसात लाइट गेली तरी त्यातली पानं नंतर 'रिस्टोअर'मध्ये येत नाहीत. पण उतरवलेला रिपोर्ट 'डाउनलोड्स'मध्ये तसाच राहतो, बुकमार्कही राहतो. आणि अशा दोन खिडक्या उघडून एकच बंद केलीत, तर लॉगिन दुसरीत चालूच असतं. सगळ्या बंद करा. कुठल्या साइटवर गेलात ते इंटरनेट देणाऱ्याला तरीही कळू शकतं.

रोजच्या वापराला मात्र विंडोजमध्ये तुमचं वेगळं खातं हवं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अॅड अकाउंट. पासवर्ड घाला, आणि उठताना विंडोज-एल दाबून लॉक करा. क्रोमचं नुसतं वेगळं प्रोफाइल पुरत नाही, त्यावर कोणीही क्लिक करून आत येतो. पुतण्याचं खातं 'अॅडमिनिस्ट्रेटर' असेल, तर तो तुमचे फोल्डर उघडू शकतो. नाजूक कागद तिथे ठेवू नका.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअॅप वेब उघडून आधारची प्रिंट काढली. लॉगआउट राहिलं!
— एक वाचक, मालवण

उत्तर : आत्ताच मोबाइलवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि त्या कॉम्प्युटरवर बोट ठेवून लॉगआउट करा, दुकानात जायला नको. डाउनलोड झालेली फाइल मात्र तिथेच असेल. ई-आधारच्या (डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफ) फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, ओळखीच्या माणसाला तो सहज सुचतो. तेव्हा दुकानदाराला सांगून ती शिफ्ट-डिलीटने काढून घ्या, म्हणजे रिसायकल बिनमध्येही उरणार नाही. पुढच्या वेळी चालत असेल तिथे शेवटचे 4 आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार न्या.