पॉल व्हेलन खरंच अमेरिकेचा हेर होता का? नसेल, तर त्याच्याकडे चार पासपोर्ट कशाला होते आणि अमेरिकेने इतकी वर्षं हात का झटकले?

माझ्या मते नव्हता. व्हेलन म्हणजे २०१८ मध्ये मॉस्कोत पकडलेला अमेरिकी माणूस. रशियाने हेरगिरीच्या ज्या गुन्ह्यासाठी त्याला १६ वर्षं ठोठावली, तो त्याने केला असं दाखवणारा एकही कागद आजवर बाहेर आलेला नाही. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

पण प्रश्नाखाली तुम्ही पुस्ती जोडली आहे, "कोणताही देश उगाच कोणाला पकडत नाही, आग असल्याशिवाय धूर निघत नाही." हे वाक्य मला घरच्याच माणसाकडून वर्षानुवर्षं ऐकवलं जातंय. त्यामुळे पुढचं लांबणार.

आधी ते चार पासपोर्ट. व्हेलनचा जन्म कॅनडात, ओटावाचा. आईवडील ब्रिटिश, घराण्याचं मूळ आयर्लंडचं, आणि माणूस वाढला अमेरिकेत. झाले चार देश. तिकडे हे कायद्याने चालतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून चार पासपोर्ट म्हटलं की आपल्याला लगेच काळंबेरं दिसतं. अहो, हेराचे पासपोर्ट वेगवेगळ्या नावांचे असतात. याचे सगळे स्वतःच्या, जन्माच्या नावाचे. शिवाय माणूस पकडला गेला तर एकदम चार देशांच्या वकिलाती चौकशीला येतील, अशी सोय कुठली गुप्तचर संस्था मुद्दाम करून ठेवेल?

दुसरं, तो माजी मरीन, म्हणजे अमेरिकी सैन्यातला. खरं आहे. पण २००८ मध्ये कोर्ट मार्शल होऊन, चोरीशी संबंधित आरोपांवरून, 'बॅड कंडक्ट' शेरा मारून घरी पाठवलेला मरीन. त्यानंतर मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या बोर्गवॉर्नर कंपनीत सुरक्षा विभागाचा मोठा अधिकारी झाला. रशियाचं त्याला वेड होतं. २००६ पासून जाऊन-येऊन, व्हीकॉन्टाक्टे या त्यांच्या फेसबुकवर खातं, त्यात बरेच मित्र रशियन फौजेतले. संशय यायला एवढं पुरेसं आहे, मी नाही म्हणत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तो मॉस्कोला गेला तो एका मरीन मित्राच्या लग्नाला, नवरी रशियन. २८ तारखेला पाहुण्यांना क्रेमलिन दाखवून तो मेट्रोपोल हॉटेलवर परतला. ओळखीचा एक रशियन खोलीवर आला, त्याने पेनड्राइव्ह दिला, आणि मागोमाग रशियाच्या गुप्तचर खात्याची, एफएसबीची, माणसं आत. व्हेलन म्हणतो, मला वाटलं सहलीचे फोटो आहेत. रशिया म्हणतो, गुप्त खात्यातल्या माणसांची यादी होती.

आता १९८६ बघा. निकोलस डॅनिलॉफ नावाचा अमेरिकी पत्रकार, मॉस्कोतच. ऑगस्टच्या शेवटी त्याच्या ओळखीच्या एकाने निरोप द्यायच्या भेटीत पाकीट हातात ठेवलं. त्यात निघाले 'गुप्त' शिक्क्याचे नकाशे आणि फौजेचे फोटो, आणि केजीबी, म्हणजे तेव्हाचं सोव्हिएत गुप्तचर खातं, तिथेच दबा धरून. जेमतेम आठवड्याभरापूर्वी न्यूयॉर्कमध्ये गेन्नादी झाखारोव हा सोव्हिएत माणूस हेरगिरीत पकडला गेला होता. महिन्याभरात दोघेही एकमेकांच्या बदल्यात सुटले. व्हेलनच्या वेळीही दोनच आठवडे आधी मारिया बुटिना या रशियन बाईने वॉशिंग्टनच्या कोर्टात रशियाची छुपी हस्तक असल्याचा गुन्हा कबूल केला होता. पाकिटाच्या जागी पेनड्राइव्ह आला, बाकी काय बदललं?

आणि खऱ्या हेराचं काय होतं तेही पाहा. २०१३ मध्ये मॉस्कोत रायन फोगल हा अमेरिकी सापडला. दोन विग, होकायंत्र, शहराचा नकाशा, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत देऊ असं लिहिलेलं पत्र, सगळ्यासकट. वकिलातीत तिसरा सचिव, हातात राजनैतिक पासपोर्ट, म्हणून खटला नाही. आठवड्याभरात घरी! व्हेलन लेफोर्तोवो तुरुंगात आणि मग मोर्दोव्हियाच्या छावणीत शिवणकाम करत साडेपाच वर्षांहून जास्त राहिला. हर्नियाचं ऑपरेशनही कैदेतच झालं, आणि जून २०२० मध्ये निकालाच्या दिवशी तो पिंजऱ्यात 'खटल्याचं नाटक' अशा अर्थाचा कागद धरून उभा होता.

आता माझं सांगतो.

मी सर्व्हेअर. सरकारी नव्हे, खाजगी. ठेकेदार सांगेल तिथे ट्रायपॉड लावायचा. २६/११ नंतरचा काळ होता. कोकणात एका खाडीवर खारबंधारा व्हायचा होता, त्याची मोजणी माझ्याकडे आली. टोटल स्टेशन (मोजणीची दुर्बीण), प्रिझमची काठी, लाल ऑइल पेंटचा डबा आणि काठी धरायला गावातलाच एक पोरगा. मोरीच्या कठड्यावर लाल बाण मारायचा, शेजारी आकडा लिहायचा, पुढे सरकायचं. मग होडीत बसून वजन बांधलेल्या दोरीने पात्राची खोली घ्यायची. आमच्या लेखी यात विशेष काही नाही. बंदरावर बसलेल्या लोकांनी मात्र पोलीसपाटलांना गाठलं, "हो माणूस सकाळपासून नुसतो दुर्बिणीतसून बघता." दिवेलागणीला मी ठाण्यात.

टेबलावर माझी फील्डबुकं उघडून ठेवली होती. साहेबांनी एका पानावर बोट ठेवलं.

"खाडीची खोली कशाला हवी तुम्हाला?"

"बंधाऱ्यासाठी, साहेब."

"बंधारा काठाला घालतात. ही खोली मधली आहे. इथून केवढी बोट आत येईल?"

"भरतीला मध्यम ट्रॉलर येईल."

विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं, तर शेजारच्या हवालदाराने ते तेवढ्यात लिहून घेतलं. मग बाण कोणासाठी मारले ते विचारून झालं. मग ओळखपत्रं निघाली. लायसन्सवर आमचं घराण्याचं आडनाव, मतदार कार्डावर गावावरून पडलेलं. कोकणात हे घरोघरी आहे, पण साहेब विदर्भातले, त्यांना काय ठाऊक! "दोन नावं कशाला लागतात तुम्हाला?" म्हणून त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी मांडली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसले.

सगळ्यात वाईट पुढेच होतं. ज्या कार्यालयाचं काम होतं तिथल्या अधिकाऱ्यांना घरी फोन लावला. ते म्हणाले, "या नावाचा माणूस आमच्याकडे नाही." खोटं नव्हते बोलत. त्यांनी काम कोल्हापूरच्या ठेकेदाराला दिलेलं, त्याने परस्पर दुसऱ्याला, त्या दुसऱ्याने मला. त्यांच्या दप्तरी मी नव्हतोच, आणि ज्याने मला पाठवलं त्याचा फोन बंद. रात्र बाकावर गेली. पहाटे ठेकेदार घाट उतरून वर्क ऑर्डर घेऊन आला. कार्यालय उघडल्यावर साहेबांनी त्यावरचा जावक क्रमांक फोनवरून ताडून घेतला, जुळला, चहा पाजला आणि जायला सांगितलं.

त्या साहेबांवर माझा काडीचा राग नाही. दहा माणसं समुद्रातून मुंबईत शिरली होती, किनाऱ्यावरच्या पोलिसाने संशय नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा? त्यांनी संशय घेतला, मग नंबर ताडून पाहिला. व्हेलनच्या बाबतीत तो नंबर कोणालाच बघू दिलेला नाही. हेरगिरीच्या कलम २७६ चा खटला बंद दाराआड, वकिलाला गुप्ततेची शपथ, पुरावा सरकारजमा. म्हणून मी त्याच्या बाजूने बोलतो. तो माणूस आवडतो म्हणून नव्हे, आवडण्यासारखा फारसा वाटतही नाही.

राग आहे तो आमच्या साडूंवर. सरकारी खात्यातून निवृत्त, पुण्यात असतात, तात्या म्हणतो आम्ही. भाच्याच्या मुंजीत भर पंगतीत म्हणाले, "या हेरसाहेब! पोलीस काय उगाच नेतात होय?" लोक हसले, मीही हसलो. पण दर कार्याला तेच सुरू झालं. पुढे मुलीला स्थळ आलं, माणसं चांगली होती, आणि मुलाच्या काकांनी चहाचा कप खाली ठेवत हळूच विचारलं, "तुमचं ते पोलिसांचं प्रकरण मिटलं ना?" प्रकरण कसलं? गुन्हा नाही, नोंद नाही, कुठे सही नाही. ही बातमी पुण्याहून गेली होती हे सांगायला ज्योतिषी नको. ते स्थळ बारगळलं. (मुलीचं पुढे चांगलं झालं, तो विषय वेगळा.)

याच तात्यांच्या घरी २०१७ च्या डिसेंबरात टीव्ही लागला होता. कुलभूषण जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या होत्या. मध्ये काच. मंगळसूत्र, टिकली काढायला लावली, पत्नीच्या चपला परत दिल्या नाहीत, आणि त्या माउलीला पोटच्या मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही. तात्या संतापाने लाल. मीही. पण मी विचारलं, "तात्या, त्यांच्याकडे हुसेन मुबारक पटेल नावाचा पासपोर्ट सापडला असं पाकिस्तान म्हणतंय. आग-धुराचं काय?" म्हणाले, "ते पाकिस्तान आहे, काहीही बनवतील." अगदी बरोबर. लष्करी कोर्टात बंद दाराआड फाशी सुनावली असेल तर त्या पुराव्याला मी फुटक्या कवडीची किंमत देणार नाही. २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की वकिलातीला भेटू न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, शिक्षेचा फेरविचार करा. हरीश साळव्यांनी एक रुपया घेऊन ती केस लढवली, तात्यांना हे तोंडपाठ आहे. मग तोच नियम मिशिगनच्या व्हेलनला का नाही? आणि साडूला का नाही?

तुमच्या तिसऱ्या भागाबद्दल. अमेरिकेने हात झटकले नव्हते, "तो आमचा हेर नाही, त्याला अन्यायाने डांबलंय" असं ती म्हणत होती. सोडवायला मात्र उशीर झाला. २०२२ मध्ये रशियात अडकलेल्या अमेरिकींपैकी आधी ट्रेव्हर रीड सुटला, मग बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्रायनर, आणि व्हेलन दोन्ही वेळा मागे राहिला, कारण हेर म्हणून रशिया त्याची किंमत वेगळी लावत होता. शेवटी १ ऑगस्ट २०२४ ला अंकाराच्या विमानतळावरच्या मोठ्या अदलाबदलीत तो अमेरिकी पत्रकार इव्हान गेर्शकोविचबरोबर सुटला. पलीकडच्या बाजूला जर्मनीत खुनासाठी जन्मठेप भोगणारा रशियन वादिम क्रासिकोव होता. मायदेशी उतरल्यावर बायडेननी आपल्या कोटावरची झेंड्याची पिन काढून व्हेलनला दिली. यातून त्याच्या हेर असण्या-नसण्याबद्दल काहीच कळत नाही. सुटकेच्या यादीत खरे हेर आणि ओढून आणलेले लोक एकत्रच असतात.

आता काही गोष्टी माझ्या विरुद्ध जातात, त्याही लिहितो, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी लिहीलच. अमेरिकेच्या 'नाही' वर विसंबू नका. १९६० मध्ये अमेरिकेचं यू-२ हे हेरविमान सोव्हिएत हद्दीत पडलं तेव्हा 'हवामानाचं विमान भरकटलं' म्हणाले, आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हने पायलट गॅरी पॉवर्स जिवंत असल्याचं जाहीर केलं. जॉन डाउनी १९५२ पासून चीनच्या तुरुंगात होता, अमेरिकेने आपल्या लष्कराचा साधा मुलकी नोकर म्हणून दाखवलेला. तो सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा, होता हे मान्य व्हायला १९७३ उजाडलं. एफबीआयचा निवृत्त एजंट रॉबर्ट लेविन्सन २००७ मध्ये इराणच्या किश बेटावर नाहीसा झाला, 'खाजगी कामाला गेला होता' म्हणाले. सहा वर्षांनी बातमी फुटली की सीआयएच्या काही विश्लेषकांनीच त्याला परस्पर काम दिलं होतं. वरिष्ठांच्या दप्तरी तो नव्हता. (माझ्या त्या फोनची आठवण झाली.) तो परतलाच नाही. आणि डॅनिलॉफ स्वतः निर्दोष होता, पण सीआयएच्या लोकांनी एका माणसाशी संपर्क करताना त्याचं नाव त्याच्या नकळत वापरलं होतं, त्याने केजीबीच्या हातात आयतंच कोलीत मिळालं. म्हणजे 'असला बदनाम माणूस सीआयए कशाला घेईल' हा युक्तिवाद, जो लोक व्हेलनसाठी करतात आणि वर मीही अर्धामुर्धा केला, तो फार ताणू नये. लेविन्सन बदनाम नव्हता, पण दप्तराबाहेरचा माणूसही त्यांना चाललाच ना.

तरीही माझं मत 'नव्हता' हेच. उद्या रशियाने खटल्याची फाइल उघडली, त्या पेनड्राइव्हमध्ये काय होतं आणि व्हेलनने ते मागितलं होतं का हे दाखवलं, तर हेच उत्तर एडिट करून उलटं लिहीन. तुम्हीही पासपोर्ट मोजण्यापेक्षा ती फाइल मागा. तात्या, तुम्ही इथे आहात हे मला माहीत आहे, परवाच कोणाच्या तरी आंब्याच्या उत्तराला तुमचं लाइक दिसलं. वर्क ऑर्डरची झेरॉक्स माझ्याकडे आहे, जावक क्रमांकासकट. एवढ्या वर्षांत तुम्ही ती एकदाही बघायला मागितलेली नाही. पुढच्या महिन्यात बारशाला याल तेव्हा घेऊन येतो, पंगतीतच वाचा.