दोन वर्षांची मुलगी गोष्ट ऐकायला बसतच नाही. तिला गोष्टीत कसं रमवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, घरात मराठी आणि शेजारी कोकणी बोलतात, तुम्ही पुस्तक उघडलं की दोन पानांत ती उठून पळते आणि मोबाईलवरची गोष्ट मात्र टक लावून बघते. तुमच्या मडगावच्या फ्लॅटमध्ये जे होतं, तेच मी फोंड्याकडच्या घरांमधूनही बघत आले आहे. मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. आता गावच्या वाचनालयात सुट्टीच्या दिवशी लहानग्यांना गोष्टी सांगते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ती बसली पाहिजे ही अट काढून टाका. या वयाचं मूल अख्ख्या अंगाने ऐकतं. ते सोफ्यावर चढेल, पडद्यामागे लपेल, चमचा आपटत राहील, आणि कान तुमच्याकडे असतील. खात्री करून घ्यायची असेल तर ओळखीच्या गोष्टीत मुद्दाम माऊच्या तोंडी 'भू भू' घाला. खेळणं टाकून ती तुमच्याकडे वळेल आणि तुम्हाला दुरुस्त करेल. दोन मिनिटांत गोष्ट संपली तरी ती गोष्टच असते. दिवसभरात अशा दोन-दोन मिनिटांच्या चार गोष्टी झाल्या तर भरपूर झालं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गोष्टीत तिला काम द्या. आपण सांगत राहतो आणि तिने नुसतं ऐकायचं असतं, म्हणून ती उठते. तिच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही असं झालं की ती उठत नाही. उठली तरी परत येते.

यासाठी नवं काही शोधायला नको. आपली चिऊ-काऊची गोष्ट घ्या. आज्या-पणज्यांच्या तोंडून आलेली ही गोष्ट दोन वर्षांच्या मुलाला मापून शिवलेल्या झबल्यासारखी बसते. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीचं दार वाजवतो. चिमणी आत बाळाच्या गडबडीत असते, ती म्हणते थांब. तो पुन्हा वाजवतो, ती पुन्हा थांब म्हणते. दार तेच, हाक तीच, बदलतं ते फक्त बाळाचं काम. मुलाला पुढे काय येणार ते कळलेलं असतं आणि तरी त्यात थोडं नवंही असतं. या वयात मुलांना नेमकं हेच हवं असतं.

आता ती सांगायची कशी? दार वाजवण्याचं काम लेकीचं. कपाटाच्या दारावर हाताने किंवा लाकडी पाटावर नारळाच्या करवंटीने तिने टक टक टक करायचं. तिने वाजवल्याशिवाय कावळा बोलणार नाही. पहिले काही दिवस सगळी वाक्यं तुम्हीच म्हणा. मग एक दिवस 'थांब, माझ्या बाळाला…' इथे थांबा आणि तिच्याकडे बघा. मनातल्या मनात हळूहळू पाचपर्यंत मोजा. मोठ्यांना हे फार जड जातं. एक-दोन म्हणेपर्यंत आपण तोंड उघडून वाक्य पुरं करून टाकतो. लहान मुलाला शब्द आठवायला, जिभेवर आणायला वेळ लागतो, आणि तो वेळ तिला मिळाला की ती काहीतरी म्हणते. 'न्हाणं' म्हणेल, 'पावडर' म्हणेल, नुसतं 'मम' म्हणेल. ती जे म्हणेल ते चिमणीने करायचं. आमच्याकडच्या एका मुलाने चिमणीच्या बाळाला फेरीबोटीत बसवलं होतं. मग बाळ जुन्या गोव्याहून दिवाडीला जाऊन परत येईपर्यंत काऊ बाहेर भिजत राहिला, आणि सगळी मुलं पाटावर टक टक करत राहिली.

काही घरांत शेवटी कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवतात. दोन वर्षांच्या मुलाला तो शेवट नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचा कावळा आत येतो, लेकीने दिलेल्या टॉवेलने अंग पुसतो आणि गरम गरम पेज पितो. पेज फुंकायचं कामही मुलांचंच.

पुस्तक घेतलंत तरी हाच मार्ग. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं घ्या आणि पानं तिला उलटू द्या, उलटी उलटली तरी चालेल. छापलेलं सगळं वाचलंच पाहिजे असं नाही. तिने चित्रावर बोट ठेवून 'माऊ' म्हटलं तर तुम्ही म्हणा, 'हो, काळी माऊ. काळी माऊ दूध पिते.' म्हणजे तिच्या शब्दाला दोन शब्द जोडून तिलाच परत दिले. मग विचारा, 'माऊ कुठे चाललीय?' उत्तर आलं नाही तर आपणच सांगायचं, हसत, आणि पुढे जायचं. 'हा रंग कुठला? हे किती आहेत? सांग बघू काकांना!' हे मात्र नको. तिथे गोष्ट संपते आणि परीक्षा सुरू होते, आणि परीक्षेतून मूल उठून जाणारच.

यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतल्या ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 21 ते 35 महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन्ही गटांतले आईवडील घरी साधारण सारखंच वाचून दाखवत होते. एका गटाला फक्त वाचण्याची रीत शिकवली होती: मोकळे प्रश्न विचारा, मूल बोललं की त्यात भर घाला, त्याला बोलायला अधिक वाव द्या. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेली, आणि नऊ महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फरक होताच. पुस्तकं जास्त नव्हती, वेळही जास्त नव्हता. म्हणून नोकरी करून रात्री आठला घरी येणाऱ्या आईबाबांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते.

तीच गोष्ट दहा वेळा मागते म्हणून कंटाळू नका. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांच्या गटाने 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना त्यातले नवे शब्द जास्त लक्षात राहिले. दर आठवड्याला नवं पुस्तक आणायची काही गरज नाही. आहे तेच झिजू द्या.

गोव्यात राहता, तर गोष्टी दारातच आहेत. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे, पोळी असे पाव घेऊन पों पों करत येतो. लेकीच्या हातात टोपली द्या, तोंडाने भोंगा तिनेच वाजवायचा. आजीला काय हवं? उंडे. बाबांना काय हवं? पोळी. माऊला काय हवं? इथे थांबा, तिला सांगू द्या. प्रत्येक दार म्हणजे घरातली एकेक खुर्ची. एवढ्याशा खेळात गोष्टीला लागणारं सगळं आहे: कुणीतरी निघतं, दारोदार जातं, काहीतरी मागितलं जातं, टोपली रिकामी होते, तो घरी परततो. फेरीबोटीची गोष्ट चादरीवर होते. आधी स्कूटर चढली, मग म्हातारी आजी चढली, मग गाय चढली, बोट डुलायला लागली, आणि चादरीचं टोक धरून हलवायचं काम बाबांचं. शिगम्याच्या दिवसांत डिचोली-सत्तरीकडची घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच, बघितली असेल तर कमरेला टॉवेल गुंडाळून घोडा करा आणि डब्यावर ढोल वाजवा. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी बांधताना तिला खांद्यावर घ्या. 'कोण आलं? नारळ आला. कुठे बसला? वर बसला.' मग चिबूड, मग आंबाडे, मग सुपारीचा घड. प्रत्येक फळ तिच्या हातून वर गेलं की ती गोष्ट वर्षभर विसरत नाही, फोटो दाखवला तरी पुन्हा सांगते.

दिवाळीच्या आदल्या रात्रीचे नरकासुराचे मोठाले पुतळे बघून या वयाची पुष्कळ मुलं घाबरतात. आवाज मोठा, तोंड मोठं, त्यात रात्रीची वेळ. अशा मुलाला 'घाबरायचं नाही' असं सांगून काही होत नाही. वर्तमानपत्राचा वीतभर नरकासुर करा, मेजावर उभा करा, गोष्ट सांगत आणा आणि शेवटी तिने फू करून पाडायचा. पुन्हा उभा करायचा, पुन्हा पाडायचा. ज्याला आपण रोज पाडतो त्याची भीती हळूहळू उतरते.

वस्तू हाताशी घ्याल तेव्हा एक सांभाळा. चिंचोके, मणी, नाणी, बटणं अशा घशात अडकणाऱ्या वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नकोत. आणि हंगामात घरात काजू पडलेले असतात, त्यातली कच्ची बी खेळायला देऊ नका. तिच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. करवंटी, लाकडी चमचा, जुनी ओढणी, पुठ्ठ्याचा खोका यांत सगळ्या गोष्टी मावतात.

भाषेबद्दल तुम्ही काळजीने विचारलंय. घरात मराठी, अंगणात कोकणी, पुढे शाळेत इंग्रजी, याने मूल गोंधळत नाही. गोव्यातल्या कितीतरी पिढ्या अशाच वाढल्या. ज्याला जी भाषा मनापासून येते त्याने त्या भाषेत सांगावं. तुम्ही मराठीत सांगा, शेजारची काकी आली तर तीच गोष्ट तिला कोकणीत सांगू द्या. लेकीने दोन्ही मिसळून उत्तर दिलं तर ते उत्तर म्हणून घ्या, सुधारत बसू नका. ओढूनताणून इंग्रजी पुस्तक वाचण्याची घाई तर मुळीच नको.

आता मोबाईल. त्यावर ती टक लावून बघते हे खरं, पण तो तिच्यासाठी थांबत नाही. तिने टक टक केलं काय आणि नाही केलं काय, कावळा आपला पुढे बोलतच राहतो. भाषा कशी शिकली जाते याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना 12 बैठकांत मँडरिन चिनी ऐकवली होती. माणसाने समोर बसून पुस्तक वाचलं आणि खेळवलं त्या बाळांनी चिनीतले आवाज वेगळे ओळखले. तीच माणसं पडद्यावर बघितलेल्या बाळांना त्याचा काही उपयोग झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय ते असं: एक वर्षाच्या मुलाला पडदा नको, दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला 1 तासापेक्षा जास्त नको, कमी तितका बरा, आणि मूल बसलेलं असेल तेव्हा मोठ्यांनी सोबत वाचावं, गोष्टी सांगाव्यात. एकदम बंद केलात तर घरात रडारड होईल. बघायचंच असेल तर मांडीवर घेऊन बघा, मध्ये थांबवा, 'आता काऊ काय करेल?' विचारा, आणि संपल्यावर तीच गोष्ट करवंटी घेऊन खेळा.

पुस्तकं विकतच घ्यायला पाहिजेत असं नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोकणी दोन्ही भाषांतल्या चित्रगोष्टी फुकट मिळतात, त्या छापून दोऱ्याने शिवल्या की पुस्तक तयार. पणजीला जाणं झालं तर पाट्टोच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे. तिथे तिला शेल्फसमोर सोडा आणि पुस्तक तिलाच निवडू द्या.

वेळेचं म्हणाल तर भूक आणि झोप सोडून कुठलीही. संध्याकाळी न्हाऊन झाल्यावर बरी, आणि जून-जुलैत पाऊस लागून वीज गेली की सगळ्यात उत्तम. मेणबत्तीपासून लांब बसून भिंतीवर हाताची सावली करा, कावळा तिथेही उडतो.

शेवटी एक वेगळं सांगते, कारण तुम्ही ती 'फार कमी बोलते' असं जाता जाता लिहिलंय. दोन वर्षांच्या आसपास मुलं 'बाबा ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडू लागतात. तुमची लेक अजून जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा आधी म्हणायची ते शब्द आता म्हणत नसेल, तर गोष्टी चालू ठेवाच, पण बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान तपासून घ्या. 'मुलं उशिरा बोलतात, वाट बघ' असं घरचे म्हणतील. वाट बघू नका, याच महिन्यात दाखवा.