ओबीएस एआयच्या हातात द्यायचंय, पण टूलच्या माहितीवर भरवसा ठेवायचा कसा?

प्रश्न: आमच्याकडच्या कबड्डी स्पर्धा आणि कीर्तनं मी यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो. कॅमेरा, ओबीएस (लाइव्ह व्हिडिओ पाठवायचं सॉफ्टवेअर), स्कोअरची पट्टी सगळं एकटाच बघतो. आता एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेली कामं स्वतः करणाऱ्या एआयकडून, ओबीएस चालवता येईल असं एक फुकट टूल सापडलंय, डॉक्युमेंटेशन भरपूर आहे, पण मला कोडिंग येत नाही. नुसतं वाचून टूल चांगलं की वाईट हे कळेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: बऱ्यापैकी कळतं, कोडिंग न येताही. आधी ते जुनं आहे का ते बघा. बाहेरच्या प्रोग्रामने ओबीएसशी बोलायचा रस्ता म्हणजे वेबसॉकेट, आणि 2022 मध्ये आलेल्या ओबीएस 28 पासून तो ओबीएसमध्येच येतो, पोर्ट (जोडणीचा नंबर) 4455. डॉक्युमेंटेशनमध्ये वेगळा प्लगिन टाका आणि पोर्ट 4444 द्या असं असेल तर ते वेबसॉकेटच्या जुन्या 4 नंबरच्या व्हर्जनसाठी लिहिलंय, नंतरच्या 5 मध्ये कमांडची नावंसुद्धा बदलली, त्यामुळे पुढे वाचायची गरज नाही.

आता महत्त्वाचं. हे डॉक्युमेंटेशन तुम्ही वाचता, पण टूलमधल्या प्रत्येक कमांडचं वर्णन तो एजंटही वाचतो आणि त्यावरूनच काय करायचं ते ठरवतो, म्हणजे तिथं अर्धवट लिहिलं असेल तर मॅच चालू असताना एजंट अंदाज बांधणार. तुमच्या स्कोअरच्या पट्टीचंच घ्या. ती लपवायची तर ओबीएसला पट्टीचं नाव चालत नाही, त्या सीनमधला (सीन म्हणजे स्क्रीनवरची एक मांडणी) तिचा आयडी नंबर लागतो, आणि तीच पट्टी दुसऱ्या सीनमध्ये टाकली की तिथला आयडी वेगळा असू शकतो. चांगल्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की आधी आयडी मागवा, किंवा नाव द्या, आयडी टूल स्वतः शोधेल. आणि नाव चुकलं तर काय? ओबीएस 600 नंबरची एरर देतं, म्हणजे अशी वस्तू सापडली नाही. ती एरर एजंटपर्यंत पोचते का हे लिहिलेलं पाहिजे, नाहीतर एजंट तुम्हाला 'झालं' म्हणून सांगणार आणि पट्टी स्क्रीनवर तशीच.

आवाजाचा भाग तर दोनदा वाचा. माइक म्यूट करायच्या दोन पद्धती आहेत, एक 'म्यूट कर' असं ठाम सांगणारी आणि दुसरी टॉगल, म्हणजे आहे त्याच्या उलट कर. एजंटला उत्तर यायला उशीर झाला की तो तीच कमांड पुन्हा पाठवू शकतो, ठाम कमांड दोनदा गेली तरी माइक बंदच राहतो पण टॉगल दोनदा गेलं की महाराजांचा माइक परत चालू. म्हणून फक्त टॉगल देणारं टूल मी तरी लाइव्हला वापरणार नाही. व्हॉल्यूमचंही तेच, ओबीएस तो डेसिबलमध्ये घेतं (उणे 100 ते 26) किंवा पटीत (0 ते 20). नुसतं 'व्हॉल्यूम: आकडा' एवढंच लिहिलं असेल आणि एजंटने वीस टक्के समजून 20 पाठवलं तर आवाज वीसपट, ऐकणाऱ्यांच्या कानांचं काय होईल बघा.

मग धोक्याच्या कमांड शोधा: स्ट्रीम थांबवणं, सीन किंवा सोर्स (कॅमेरा, पट्टी असा सीनमधला घटक) काढून टाकणं. यूट्यूबला ऑटो-स्टॉप चालू असेल तर ओबीएसमधून स्ट्रीम थांबली की थोड्या वेळात तो लाइव्हच संपतो. अशा कमांडच्या आधी माणसाला विचारतात का, त्या बंद ठेवता येतात का, हे लिहिलंय का बघा. टूल एमसीपीवर (एआयला बाहेरची टूल्स जोडायची एक ठरलेली पद्धत) चाललेलं असेल तर कुठली कमांड नुसती वाचते आणि कुठली नुकसान करू शकते अशा खुणा लावायची सोय त्यात आहे, पण त्या खुणा टूल बनवणाऱ्याने स्वतः लावलेल्या असतात, त्यांच्यामुळे कमांड आपोआप थांबत नाही. अजून एक, स्ट्रीमची सेटिंग वाचायची जी कमांड आहे तिच्या उत्तरात तुमची स्ट्रीम कीसुद्धा (तुमच्या चॅनेलवर लाइव्ह पाठवायची गुप्त किल्ली) येते, म्हणजे ती थेट एआयच्या चॅटमध्ये जाते. याबद्दल डॉक्युमेंटेशनमध्ये अवाक्षर नसेल तर लिहिणाऱ्याने सुरक्षेचा विचारच केलेला नाही असं मी समजतो.

वाचून पटलं तर सीन कलेक्शन (तुमच्या सगळ्या सीनचा संच) एक्सपोर्ट करून ठेवा, वेगळं रिकामं कलेक्शन बनवा, स्ट्रीम न करता फक्त रेकॉर्डिंग लावा आणि एजंटला मुद्दाम चुकीच्या नावाची पट्टी लपवायला सांगा. तो काय उत्तर देतो त्यावरून बरंच कळेल. सुरुवातीला सीन बदलणं आणि पट्टी एवढंच त्याच्याकडे द्या, स्ट्रीम चालू-बंद तुमच्याच हातात ठेवा.

प्रश्न: त्याच टूलमध्ये 'कनेक्ट होत नसेल तर ऑथेंटिकेशन बंद करा', म्हणजे पासवर्ड विचारणं बंद करा, असं लिहिलंय. करू का?

उत्तर: अजिबात नको. ओबीएसच्या टूल्स मेनूत वेबसॉकेट सर्व्हर सेटिंग्ज आहे, तिथं 'शो कनेक्ट इन्फो' दाबलं की पासवर्ड दिसतो, तो टूलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टाका, एजंटच्या चॅटमध्ये लिहू नका. टूल आणि ओबीएस एकाच कॉम्प्युटरवर असू दे आणि राउटरवर 4455 बाहेरच्यांसाठी उघडू नका. एवढं करूनही कनेक्ट झालं नाही तर बहुतेक वेळा त्याच खिडकीत वेबसॉकेट सर्व्हर चालू करायची टिक राहिलेली असते.